बुधवारी नंबर नको

चंद्रपुरात नृत्याच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक येणार असं कळलं, की पालक मंडळी आधी त्यांच्या घराण्याची चौकशी करत नाहीत. लखनौ की जयपूर, हे मागाहून. आधी विचारतात, "ताडोब्याचं बुकिंग झालं का त्यांचं?" यामागे पालकांच्या पिढ्यांनी सिद्ध केलेला एक सिद्धांत आहे. आदल्या दिवशी ज्यांना वाघ दिसला, ते परीक्षक गुण देताना हात सैल सोडतात. बिबट्या दिसला तर प्रथम श्रेणीला धोका नाही. पण सहा तास जिप्सीत बसून नुसती चितळं पाहिली असतील, तर तोंडीला अंग, प्रत्यंग आणि उपांग यांतला फरक विचारला जातो, तोही उदाहरणांसकट. आता ताडोब्याचा कोअर भाग दर मंगळवारी बंद असतो. म्हणजे बुधवारी सकाळी ज्या मुलीचा नंबर, तिच्या परीक्षकांनी आदल्या दिवशी वाघ पाहिलेला असण्याची शक्यताच उरत नाही. म्हणून आमच्याकडच्या आया गणपतीपुढे नारळ ठेवताना एवढंच मागतात, की बुधवारी नंबर नको.

या सिद्धांताला पुरावा कोणीही दिलेला नाही. पण तो खोटा ठरवण्याची हिंमतही कोणी केलेली नाही.

परीक्षा अर्थात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि ते गेले त्याच वर्षी, म्हणजे 1931 ला, त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभं केलं. संगीत राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातून काढून साध्या संसारी माणसाच्या घरात न्यायचं, हा पलुस्करांचा ध्यास होता. ते त्यांनी नेलं. घरात गेल्यावर तिथे त्याचं काय होईल, याचा अंदाज मात्र त्यांना आला नसावा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि पार वर अलंकार, अशी ही चढण आहे. प्रारंभिकला वर्गात पाय ठेवायला जागा नसते. मध्यमेपर्यंत निम्मा वर्ग गळतो. पुढे दहावी नावाचं फाटक लागतं आणि बरीच घुंगरं त्या फाटकापाशीच पिशवीत जातात.

गंमत म्हणजे याच दहावीसाठी अनेकींच्या पायात ती आधी बांधलेली असतात. शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा पास झाल्या, की दहावीला वाढीव गुण मिळतात. लोककला, चित्रकला, नाट्य यांनाही ती सोय आहे. "कला ही कलेसाठी असते," असं आमचे भाऊजी पाहुण्यांसमोर म्हणतात, आणि पाहुणे गेल्यावर शासन निर्णयाची झेरॉक्स काढून गुणांची बेरीज करतात.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गडचिरोलीला कृषी खात्यात आहेत. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, नववीत आहे आणि यंदा कथकची मध्यमा प्रथम देणार होती. परीक्षा चंद्रपूरला, म्हणून महिनाभर आधीपासून दर शनिवारी मायलेकी एसटीने आमच्याकडे. वैनगंगेचा पूल, व्याहाड, सावली, मूल, आणि मग ते जंगल. पिशवीत दोन्ही पायांची मिळून दोनशे घुंगरं. रस्त्यावर जितके गतिरोधक तितक्यांदा ती वाजायची. एकदा मूलच्या स्टँडवर कंडक्टर सीटखाली वाकून बघायला लागला.

"बकरी आहे का जी?"

"घुंगरू आहेत," ताई म्हणाली.

"बकरी नसली तं बरं. तिचं तिकीट लागते."

शिकणारी एक असली, तरी तयारी घरभर वाटून दिलेली असते. ताईकडे थिअरी. ताई बी.कॉम. झालेली, लग्नाआधी वर्गातला बाक वाजवण्यापलीकडे तिचा तालाशी संबंध आला नव्हता. पण आता मध्यरात्री उठवून विचारा: तीनताल? मात्रा सोळा, विभाग चार, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्या मात्रेवर. झपताल? दहा. बिरजू महाराजांचं मूळ नाव? ब्रिजमोहन. कथकची घराणी? लखनौ, जयपूर, बनारस. हे सगळं ती भाजी चिरताना म्हणते आणि बनारसला पोचेपर्यंत वांगं संपतं. भाचीला यातलं फारसं येत नाही, कारण विचारायच्या आत आईनेच उत्तर दिलेलं असतं.

भाऊजींकडे लेहरा. पूर्वी सारंगीवाला किंवा पेटीवाला सोळा मात्रांची एकच धून तासन्‌तास वाजवत बसायचा. आता मोबाइलमध्ये तो आहे आणि त्याला लय विचारावी लागते. भाऊजी चष्मा कपाळावर चढवून लय वाढवायचे तिथे पट्टी बदलून ठेवायचे, आणि भाची चौगुणीत पाय मारत असताना मोबाइल एकदम काळी चारमधून पांढरी दोनमध्ये जायचा. पण माणूस कष्टाळू. मात्रा मोजायला त्यांनी मनापासून शिकून घेतलं. धानावर तुडतुड्याची पाहणी करायला गेले, तरी अंगठा बोटांच्या पेरांवर चालूच. त्या हंगामात त्यांनी तपासलेल्या पहिल्या बांधीत प्रत्येक चुडात सोळा तुडतुडे निघाले. दुसऱ्या बांधीतही सोळाच. तिसऱ्या बांधीत दहा आहेत म्हटल्यावर शेतकऱ्याला बरं वाटलं. त्या दिवशी झपताल चालू होता, हे त्याला कोण सांगणार?

माझ्याकडे काही काम नव्हतं. मी खालच्या मजल्यावरच्या लोकांची समजूत घालायचो.

पण खरी परीक्षक आमच्या घरातच बसलेली होती, आणि ती आम्हाला उशिरा कळली. मध्यमेला गतभाव असतो. बोलायचं नाही, गायचं नाही, नुसत्या अंगाने एखादा प्रसंग दाखवायचा. क्लासच्या मॅडमनी पनघट दिला होता: नायिका घागर घेऊन पाण्याला जाते, भरते, उचलते, वाटेत कृष्ण खडा मारतो. भाची बैठकीत तालीम करत होती. आई, म्हणजे तिची आजी, दिवाणावर सुपारी कातरत बसली होती. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"थांब वं. हे काय करून रायलीस?"

"घागर उचलतेय आजी."

"भरलेली का रिकामी?"

याचं उत्तर अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत नव्हतं. ताईसुद्धा गप्प बसली.

"भरलेली," भाची अंदाजाने म्हणाली.

"मंग भरला गुंड असा दोन बोटांनं उठते का? अन् कंबर कुठी आहे तुही? पानी का कापूस आहे?"

आई उठली. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दोन्ही गेलेले. पण ती उकिडवी बसली, डावा हात गुंडाच्या बुडाखाली घातला, उजव्याने कान धरला. तिथे ना गुंड होता ना कान, पण दोन्ही आम्हाला दिसले. एका दमात तिने तो मांडीवर घेतला आणि तिथे क्षणभर टेकवला. मग कमरेवर. मग श्वास आत ओढून, मान न हलवता, चुंबळीवर. डोक्यावर बसल्यावर तिने गुंड एवढासा फिरवून नीट केला, आणि पदराने गालावर सांडलेलं पाणी पुसलं. सिंदेवाहीकडच्या विहिरीवर तिने हे काम लहानपणापासून नळ येईपर्यंत केलेलं. तेव्हा तिला कोणी वन्स मोअर दिला नव्हता.

भाचीने ते जसंच्या तसं उचललं. अडचण पुढे आली. गतीत पलटा घ्यावा लागतो. घागर डोक्यावर घेऊन नायिका गर्रकन वळते. आईला ते अजिबात मंजूर नव्हतं. "डोक्शावर गुंड अन् गिरकी? घरी पानी पोचाचं आहे का नाई?" शास्त्र एकीकडे, विहीर एकीकडे. शेवटी मॅडमनी तोड काढली: पलटा घ्यायचा, पण घागर भरायच्या आधी. रिकाम्या गुंडाला आईची हरकत नव्हती. "तवा पोट्ट्या नाचतच जात होत्या," ती म्हणाली.

परीक्षांना नावं ठेवायची सध्या रीत आहे. कलेला गुण कसे द्यायचे, वगैरे. मला ते काही पटत नाही. परीक्षेचा फॉर्म भरला नसता, तर आमच्या घरात पढंत कधी झालीच नसती. हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हणायचे, हे काम कोणतीही मुलगी आपण होऊन करत नाही. ते करवून घ्यायला कोणीतरी अनोळखी बाई समोर वही घेऊन बसावी लागते. माझं म्हणणं एवढंच आहे, की बंद खोलीतल्या त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी जेवढा घाम आमच्या दोन जिल्ह्यांत गाळला जातो, तेवढा कुठे गाळायची गरज नसेल तर ती याच दोन जिल्ह्यांत. कारण परीक्षेचा खरा बाजार आमच्याकडे उघड्यावर भरतो, आणि तो दिवाळीला सुरू होऊन होळीला उठतो.

हे आम्हाला आठवलं ते तबलजी मिळेना तेव्हा. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. उन्हाळी परीक्षेत तबलजी हवे तेवढे. फक्त चंद्रपूरच्या उन्हात शाईची पुडी तापते आणि तबला सुरात राहत नाही. हिवाळी परीक्षेत तबला सुरात राहतो, पण वाजवणारा जागेवर नसतो. तो झाडीपट्टीत असतो.

बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. धान कापून झालं, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, आणि त्या रात्री गावात नाटक लागतं. मधली काही वर्षं शर्यतींवर बंदी होती, बैल गोठ्यात राहिले. नाटकं मात्र लागतच होती. या सगळ्याची राजधानी वडसा, सरकारी कागदावर देसाईगंज. तिथे नाटक कंपन्यांच्या कार्यालयांचे बोर्ड ओळीने लागलेले असतात. गावचं मंडळ येतं, फोटो बघतं, घासाघीस करतं आणि तारीख घेऊन जातं. नाटक रात्री दहा-अकराला उघडतं आणि तांबडं फुटेपर्यंत चालतं. खाली बसलेली माणसं हजारांत. तिकीट काढून आलेली, अंगावर ब्लँकेट, मांडीवर झोपलेलं पोर, पण डोळे मात्र स्टेजवर टक्क.

तालमीला वेळ कोणाला आहे? आज आरमोरीत इन्स्पेक्टर असलेला नट उद्या सिंदेवाहीत दारुडा बाप असतो आणि परवा आणखी कुठे न्यायाधीश. संहिता हातात धरून बसलेला प्रॉम्प्टर सगळ्यांना पार करतो. आमच्या मध्यमेत असा एखादा प्रॉम्प्टर ठेवता आला असता, तर ताईने ती जागा फुकट भरून काढली असती. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर 5000 वर प्रयोग आणि सुमारे 800 भूमिका सांगतात. आठशे! आमच्या घरी एका राधेला सहा महिने लागले.

आणि गुण कसे देतात? गाणं जमलं तर वन्स मोअर, पुन्हा जमलं तर पुन्हा. रडवलंत, तर बक्षीस. माइकवरून देणाऱ्याचं नाव, गाव आणि रक्कम यांचा पुकारा होतो, आणि मेलेला नायकसुद्धा तेवढ्यापुरता उठून नमस्कार करतो. नाही जमलं, तर कोणी काही बोलत नाही. पुढच्या चार रांगा उठून चहाला जातात. एवढ्याने समजून घ्यायचं. पुढच्या वर्षी वडशात त्या नटाच्या नावाने तारीख मागायला कोणी येत नाही, हे त्याचं प्रगतिपुस्तक. त्यावर फेरतपासणीचा अर्ज नसतो.

आणखी आत, भामरागड-एटापल्लीकडे, रेला नाच तर याहून अवघड, कारण तिथे प्रेक्षकच नसतात. सगळे नाचात. हातात हात, कमरेला कंबर, वर्तुळ रात्रभर फिरतं आणि पाऊल कोणाचंच चुकत नाही. एका स्नेहसंमेलनात मी भाऊजींना त्या पावलांच्या मात्रा मोजताना पाहिलं. अकराव्यापाशी त्यांचा हिशेब तुटला, तो पुन्हा जुळलाच नाही.

असो. परीक्षेचा दिवस उजाडला. भाचीचा नंबर बुधवारी लागला.

आमचे तबलजी मंगळवारी रात्री नागभीडकडच्या एका गावात नाटकाला होते. पहाटे पाचला पडदा पडला. तिथून मोटारसायकलवर थंडी खात ते थेट परीक्षेच्या ठिकाणी आले. डोक्याला मफलर, डोळे लाल, आणि कपाळावर कोणीतरी बक्षीस देताना लावलेला गुलाल. "रात्री किती वेळ वाजवलं?" भाऊजींनी विचारलं. "सहा तास. इथं किती आहे जी?" "एकेकीला वीस मिनिटं." ते खुर्चीत टेकले. "मंग आराम करतो," म्हणाले, आणि आत जाऊन तबला लावू लागले.

आत पालकांना प्रवेश नसतो. दार बंद. बाहेर व्हरांड्यात आम्ही वीस-पंचवीस माणसं कान लावून. आतला नाच दिसत नाही, फक्त ऐकू येतो, आणि ऐकून त्याचा अर्थ लावणं ही स्वतंत्र विद्या आहे. घुंगरं वाजली की ततकार. थांबली की तोंडी. खूप वेळ थांबली की आया एकमेकींकडे बघतात आणि एखादी पाण्याची बाटली उघडून न पिता बंद करते. भाचीचा ततकार ठायीत गेला, दुगुण गेला, चौगुणही गेला. भाऊजींचा अंगठा पेरांवर बरोबर चालला होता. मग तिहाई आली. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवट नेमका समेवर आपटायचा. एक झाला. दोन झाला. तिसऱ्याला भाची समेवर आली, आणि त्याच क्षणी आतून तबल्यावर असा काही दणका बसला, की व्हरांड्यातलं एक लहान मूल रडायला लागलं. तो दणका मी ओळखतो. झाडीपट्टीत खलनायक पाटलाचा वाडा पेटवतो, तेव्हा तो देतात.

आत शांतता. ताईने माझं मनगट धरलं.

मग हसण्याचा आवाज आला. एका बाईचा, मोकळा. त्यामागून तबलजींचा, थोडा ओशाळलेला.

पुढे गतभाव. त्याला घुंगरं जवळजवळ वाजतच नाहीत, त्यामुळे आम्हाला काही कळेना. नुसता ठेका सावकाश चालला होता. मध्येच ठेकाही थांबला. परीक्षक काहीतरी विचारत होत्या, भाची उत्तर देत होती, पण शब्द पोचत नव्हते. ताई ओठातल्या ओठात ब्रिजमोहन, ब्रिजमोहन म्हणत होती, दारातून तो आत जाईल या आशेने.

दहा मिनिटांनी दार उघडलं. भाची बाहेर आली. चेहऱ्यावरून काहीच कळेना. हा एवढा अभिनय मात्र ती न शिकवता करते.

"काय विचारलं? बिरजू महाराज विचारले का?"

"नाही."

"झपताल?"

"नाही. घागर पुन्हा उचलायला लावली. दोनदा."

"चुकली?"

"नाही गं. मॅडम म्हणाल्या, मांडीवर टेकवून उचलतात हे तुला कोणी शिकवलं. मी म्हटलं, आजीने."

"बरं. मग?"

"मग त्यांनी विचारलं, आजीचं घराणं कोणतं?"

ताईचा श्वास अडकला. "तू काय सांगितलंस?"

"सिंदेवाही."

"अगं, तीनच आहेत!" ताई ओरडली. "लखनौ, जयपूर, बनारस! शंभरदा सांगितलं तुला, तीनच आहेत!"

भाऊजी तिला आवरू लागले, तबलजी पुढच्या मुलीसाठी तबल्याचे गठ्ठे ठोकू लागले, आणि मी घरी फोन लावला. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये अडकित्त्याचा आवाज येत होता.

"सिंदेवाही तं माहेर झालं माहं," ती म्हणाली. "सासर नवरगाव. दोन्ही सांगाचे होते ना पोरीनं."